पाळकनिवासातला शेवटचा उपासकाळ

फेब्रुवारी संपत आला की पुण्याच्या कडेच्या मांजरीत आभाळातून राख पडू लागते. इमारतींच्या मधोमध उसाचे जे काही तुकडे अजून तग धरून आहेत, त्यांची तोड झाली की शेतकरी पाचट पेटवतात. त्याची काळी, हलकी, केसासारखी लांब काजळी वाऱ्यावर तरंगत माझ्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत येते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर अलगद बसते. हातानं झटकली तर पसरते. फुंकर मारली तरच जाते. समोरच्या फ्लॅटमधली आयटीतली मुलगी वैतागून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकते. मी गॅलरीत उभी राहून साडीवर फुंकर मारत राहते आणि मनात म्हणते, आला उपासकाळ.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांना आम्ही उपासकाळ म्हणतो. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, कपाळाला राख लावायची पद्धत नाही. पण काही सोडायची पद्धत आहे. कोणी चहा सोडतं, कोणी मटण, कोणी टीव्हीवरच्या मालिका. माझे पती प्रभाकर दरवर्षी साखर सोडायचे, आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला गेले की गोड चहा पिऊन यायचे. "त्यांनी प्रेमानं दिला, नाही कसं म्हणणार," असं वर मला सांगायचे. ते पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर होते. आयुष्यभर वेगवेगळ्या गावांच्या मंडळ्या सांभाळून, निवृत्तीच्या जरा आधी येरवड्याकडच्या एका जुन्या चर्चमध्ये आले होते. तुरुंगाची लांबलचक भिंत संपली की एक उतार लागतो, त्या उताराला चर्च, आणि चर्चला लागूनच पाळकनिवास. तिथला शेवटचा उपासकाळ मला दरवर्षी या दिवसांत आठवतो. आठवतो म्हणण्यापेक्षा, तो संपलाच नाही असं वाटतं.

पाळकाच्या बायकोला घर असतं आणि नसतंही. लग्न होऊन मी पहिल्या पाळकनिवासात गेले, तेव्हा पलंग, कपाट, जेवायचं टेबल सगळं आधीच मांडलेलं होतं. मला फार आनंद झाला. मग एक दिवस झाडताना खाली वाकले तर पलंगाच्या पायावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'पा. नि.' अशी अक्षरं दिसली. कपाटाच्या पाठीवर तीच. खुर्च्यांच्या बुडाशी तीच. पुढं ज्या ज्या गावी गेलो तिथं ती अक्षरं होतीच. मी पालिकेच्या शाळेत शिकवायचे. शाळेतून आले की ज्या खुर्चीवर टेकायचे ती माझी नाही, हे माझ्या पाठीला माहीत असायचं.

धायरी अजून गाव होतं तेव्हाची गोष्ट. प्रभाकरांच्या ओळखीच्या एकानं तिथं जागा घेतली होती आणि शेजारचा तुकडा आम्ही घ्यावा म्हणून तो मागं लागला होता. स्कूटरवरून आम्ही बघायला गेलो. ज्वारी कमरेच्या वर आलेली. प्रभाकर बांधावर बसले, आजूबाजूला बघत बसले, छान हवा आहे म्हणाले. मी मात्र चालत होते. इथं ओटा, इथं न्हाणीघर, आणि ओट्यासमोर पूर्वेला खिडकी. तेवढ्यात मी त्या खिडकीला पडदासुद्धा लावून टाकला.

"घ्यायची का?" मी विचारलं.

"बदल्या होत राहणार. आपण कुठं राहणार इथं?"

"आणि म्हातारपणी?"

"तो बघेल," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

'तो बघेल' हे त्यांचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं. ते उडवाउडवीचं नव्हतं. तो माणूस खरंच तसा जगायचा. पगार आला की पैसे कुठं कुठं निघून जायचे, आणि घरात काही कमी पडलं तरी त्यांची झोप कधी मोडली नाही. माझा प्रश्न मात्र खिडकीचा होता. तो मी पुन्हा काढला नाही. पण धायरीवरून कधी बस गेली की मी मान वळवून बघायचे. आता तिथं नुसत्या इमारती आहेत. माझी खिडकी त्यातल्या कुठल्या मजल्याखाली गेली, कोण जाणे.

त्या वर्षी उपासकाळाचा दुसरा आठवडा चालू होता. दुपारची वेळ. आवारातल्या कडुनिंबाची पानं एकसारखी गळत होती; सकाळी झाडून काढलेलं अंगण जेवणाच्या वेळेपर्यंत पुन्हा पिवळं होई. प्रभाकर एका आजाऱ्याला भेटून आले. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले. मी आतून विचारलं, "पाणी आणू का?" ते म्हणाले, "आण." मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यांची एक चप्पल पायात होती आणि एक काढून शेजारी नीट ठेवलेली होती. मान छातीवर आली होती. मला वाटलं डोळा लागला. मी पेला हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. झोपमोड करावी की करू नये, असा विचार करत.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. पाळक गेला की सगळी मंडळीच पोरकी होते, तेव्हा लोक माझं सांत्वन करायला येत आणि मीच त्यांना धीर देई. "देवाची योजना असते, बाई," कोणी म्हणे. "तुमचा विश्वास मोठा, तुम्ही पाळकीणबाई. तुम्हाला काय सांगायचं," दुसरं म्हणे. मी मान हलवायचे, चहा ठेवायचे. मुलगा रोहन कॅनडाहून आला, त्याच्या हातानं माती पडली, आणि सुट्टी संपत आली तसा तो माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, लॉजिकली बघ ना. हे घर सोडावंच लागणार. तुझं इथं कोण आहे? बाबांनी काहीच प्लॅनिंग केलं नाही."

"नाही केलं."

"म्हणजे मी त्यांना ब्लेम करत नाही."

"मी करतेय," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडून असं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं. त्यानं माझ्यासाठी तिकीट काढू का विचारलं. मी म्हटलं, आधी मला बसू दे जरा. तो गेला. विमानतळ आमच्या घरापासून लांब नाही. त्या संध्याकाळी डोक्यावरून विमानं जात होती आणि यातलं त्याचं कोणतं, हे मला कळायला मार्ग नव्हता.

मग घर शांत झालं. ज्या शांततेला लोक देवाशी बोलायची वेळ म्हणतात, ती तशी नव्हती. सकाळी मी सवयीनं शास्त्र, म्हणजे बायबल उघडायचे, एक अध्याय वाचायचे आणि मिटायचे. शब्द डोळ्यांखालून जात, पुढं कुठं जात नसत. प्रार्थनेला डोळे मिटले की व्हरांडा दिसे आणि शेजारी ठेवलेली चप्पल. एकदा भांडी आवरताना, आपलं कोणतं नि मंडळीचं कोणतं हे बघायला पातेली उलटी करत असताना, मला एकाएकी कळलं की माझं काय झालंय. मी इतकी वर्षं देवावर भाव ठेवला नव्हता. देवावर भाव ठेवणाऱ्या एका माणसावर ठेवला होता. 'तो बघेल' असं ते म्हणायचे तेव्हा मी 'त्या'च्याकडं नाही, 'ह्यां'च्याकडं बघायचे. त्यांचा चेहरा निवांत आहे ना, मग सगळं ठीक आहे. आता चेहराच नव्हता. कपाटं, खुर्च्या मंडळीच्या होत्या हे मला आधीपासून माहीत होतं. विश्वासही उसना होता, हे त्या पातेल्यांमध्ये बसून कळलं.

मंडळीनं मला घाई केली नव्हती. घर सोडायला उन्हाळ्याच्या शेवटापर्यंतची मुदत दिली होती. पण नवे पाळक ज्या गावाहून यायचे, तिथलं त्यांचं घर दुसऱ्याला लागत होतं. त्यामुळे झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या आधीच ते आमच्या दारात उभे राहिले. पाळक अमोल, वयानं रोहनपेक्षा लहान. त्याची बायको सोनल, श्रीरामपूरकडची. कडेवर दोन वर्षांची पिहू. मागं टेम्पो, त्यात गाद्या आणि एक तुळशीवृंदावनाएवढं पाण्याचं पिंप.

अमोल हात जोडून उभा राहिला. "आई, आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत राहू. तुम्ही हलू नका."

"त्या खोलीचं छप्पर गळतं आणि आत विंचू निघतात," मी म्हटलं. "लेकराला घेऊन तिथं राहणार? घर पाळकाचं आहे. मला या घरातली मागची खोली पुरे."

असे आम्ही एका घरात राहू लागलो. मी मागच्या खोलीत, ते पुढं. स्वयंपाकघर दोघींचं. सोनल इतकी अवघडलेली असायची की चमचा हवा असला तरी मला विचारायची. "काकू, हा डबा हितं ठेवू का?" "काकू, गॅस घेऊ का?" मी पिठाचा डबा जिथं ठेवायचे तिथं तिनं एक दिवस पिहूच्या दुधाच्या बाटल्या मांडल्या. मला दिसल्या. मी काही बोलले नाही. तिला माझं न बोलणं ऐकू गेलं, आणि संध्याकाळी बाटल्या तिथून हलल्या. दोघींनाही वाईट वाटलं असणार.

आवारात मी लावलेलं एक लिंबाचं झाड होतं. त्या वर्षी ते फार लागलं होतं. एका सकाळी सोनल दारात येऊन म्हणाली, "काकू, दोन लिंबं घेऊ का? ह्यांना सरबत करायचंय."

"विचारायचं काय त्यात. झाड तुमचंच आहे आता."

मी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सबंध संसार सोडून द्यायची माझ्या मनाची तयारी झाली होती, आणि मी एका झाडापाशी येऊन अडले होते. झाड न्यायचं कुठं आणि कसं? पलंगासारखी त्यावर अक्षरं घातलेली नव्हती, एवढाच काय तो त्याच्या माझ्यातला करार.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडं बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभूनं काढलेल्या सात शब्दांवर, म्हणजे सात उद्गारांवर, सात जण बोलतात. कोणी कशावर बोलायचं ते प्रभाकरांनी उपासकाळ सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मंडळीचे सेक्रेटरी गायकवाडसाहेब, लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, ते माझ्याकडं आले.

"बाई, चौथा शब्द पाळकसाहेबांनी स्वतःकडं ठेवला होता. नव्या पाळकांना द्यावा म्हणतो. पण महिला मंडळाचं म्हणणं पडलं की तुम्हाला एकदा विचारावं. तुम्ही नाही म्हणालात तर कोणी काही मनात आणणार नाही."

चौथा शब्द म्हणजे प्रभू देवाला विचारतो तो, की तू मला का सोडलंस. मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बोलेन."

का बोलेन म्हटलं, ते मला नीट माहीत होतं. मी रागावलेली होते. मला पुलपिटावर, प्रवचनाच्या त्या उंच जागी, उभं राहून सगळ्यांना सांगायचं होतं की देवाची योजना वगैरे मला ऐकवू नका. दोन दिवस मी मनातल्या मनात तेच घोळवत होते. पोळ्या लाटताना वाक्यं तयार होत, चांगली धारदार.

शुक्रवारी ऊन असं होतं की उतारावरचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता. चर्चमध्ये पंखे फिरत होते आणि गरम हवाच खाली ढकलत होते. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पावडर आणि घामाचा वास, लाकडी बाकांच्या जुन्या पॉलिशचा वास. वेदीवर काळं कापड. पहिले तीन शब्द झाले, तिसऱ्यानंतरचं गीत झालं आणि गायकवाडसाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

पुलपिटाच्या पायऱ्या मी कित्येकदा पुसल्या होत्या, चढले कधी नव्हते. वरून मंडळी वेगळी दिसते. सगळे चेहरे वर वळलेले. पहिल्या बाकावर, जिथं मी बसायचे, तिथं सोनल बसली होती, मांडीवर पिहू झोपलेली. इतक्या चेहऱ्यांकडं प्रभाकर इतकी वर्षं बघत होते आणि त्यांना म्हणत होते, तो बघेल. माझी वाक्यं कुठं गेली कळलं नाही. मी जे बोलले ते थोडंच होतं, म्हणून लक्षात आहे.

"मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. आता एवढंच सांगते. हे का झालं ते मला कळत नाही. समजावून सांगायला तुम्ही बरेच जण आलात, तुमचे आभार. पण मला कळलं नाही. प्रभूलाही त्या घटकेला कोणी समजावून सांगितलं नाही. त्यानं विचारलं आणि वरून काही उत्तर आलं नाही. पण त्यानं ते लोकांना विचारलं नाही. शिपायांना नाही, खाली उभ्या असलेल्या आईलाही नाही. ज्यानं सोडलंय असं वाटत होतं त्यालाच विचारलं. मला इतकंच दिसतंय. मीही त्यालाच विचारतेय."

खाली उतरले. पेटीवाल्यानं गीताचा सूर धरला. मी माझ्या बाकावर सोनलशेजारी येऊन बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, फक्त जरा सरकून मला पंख्याखालची जागा दिली.

संध्याकाळी उपास सोडायला आमटी-भात केला होता. अमोल कुणाकडं तरी प्रार्थनेला गेला होता. पिहू जमिनीवर बसून भाताची शितं एकेक करून ताटाबाहेर मांडत होती. सोनलनं माझ्या भातावर अजून आमटी वाढली. मग म्हणाली, "काकू, मला पण नाही कळत."

"काय?"

"हे सगळं. आमच्याकडं काहीच नाही. पुढं पण नसणार. ह्यांना काही इचारलं की म्हणत्यात, देव आहे ना. मी म्हणते, हाय, मला माहीत हाय. पण पिहूला ताप आला की मी रातभर तिच्या उशाशी बसून असते. पाळकाच्या बायकोला असं वाटलं तर चालतं का?"

तिला आधार वाटेल असं काहीतरी मला सांगता आलं असतं. अशी वाक्यं मला पुष्कळ येतात. पण दुपारी मी एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलून बसले होते, आता संध्याकाळी दुसरी कशी बोलणार? मी तिला धायरीची गोष्ट सांगितली. बांध, ज्वारी, ओटा आणि खिडकी.

"आणि पडदा पण लावला?" तिनं विचारलं.

"लावला. निळा. बारीक फुलांचा."

ती हसायला लागली. तिचं बघून मीही. पिहूनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि तीही हसली, कशाला ते न कळता. प्रभाकर गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते उत्तम शुक्रवारी, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. उपासकाळातला हा सगळ्यात रिकामा दिवस. शुक्रवारचं दुःख संपलेलं असतं आणि रविवार आलेला नसतो. त्या सकाळी विमलताई मेश्राम डब्यात काहीतरी घेऊन आल्या. त्या पाळकनिवासासमोरच्या गल्लीत राहतात. मूळच्या चंद्रपूरच्या, बौद्ध, महसूल खात्यातून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. देव मानत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. प्रभाकरांशी त्यांचा वाद रंगायचा. वाद घालून झाला की दोघं मिळून माझ्याकडं चहा मागायचे.

"काय करून राहिल्या तुम्ही?" त्या खोलीत येत म्हणाल्या. मी पुस्तकं खोक्यात भरत होते.

"आवराआवर. रोहनकडं जावं म्हणते."

"जावं वाटते, का जावं लागते म्हणून?"

मी आणखी एक पुस्तक खोक्यात ठेवलं. त्यांनी डबा ठेवला आणि पलंगावर बसल्या.

"मांजरीला माझा एक फ्लॅट आहे. भाच्यासाठी घेतला होता, तो बंगलोरला जाऊन बसला. दोन वर्षं कुलूप आहे, कबुतरांनी घर केलंय. तिथं राहा. भाडं घेईन मी. फुकट दिलं तर तुम्ही महिन्याभरात लाजून पळून जाल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि एक सांगते. हे मी देतेय. देवानं पाठवलं वगैरे म्हणून माझा अपमान करू नका."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

"मनात पण नाही."

"मनाचं मी कबूल केलेलं नाही."

त्या हसल्या नाहीत, पण डब्याचं झाकण काढून माझ्यापुढं सरकवलं. सांबारवडी होती, कोथिंबिरीची, त्यांच्याकडची. ती खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. रडणाऱ्या माणसाला एकटं न सोडता एकटं सोडायची ही कला त्यांना येते.

मला त्या वेळी असं काही वाटलं नाही, की बघा, देवानं बघितलं. तसं मला आजही म्हणता येत नाही. प्रभाकर असते तर ते निःशंक म्हणाले असते आणि विमलताईंशी त्यावरून पुन्हा वाद झाला असता. मला एवढंच जाणवलं, की मी ज्या ज्या दिशेला डोळे लावून बसले होते, मंडळी, मुलगा, माझी पेन्शन, माझी अक्कल, त्यातल्या कुठूनही हे आलं नव्हतं. जिकडं मी बघतही नव्हते तिकडून आलं होतं. ते कुणी पाठवलं याचा निकाल लावायची घाई मला नव्हती. घाई गेली, हीच त्या शनिवारची मोठी गोष्ट.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात जातो. अंधार असतानाच माणसं मेणबत्त्या, झेंडूची फुलं, अगरबत्त्या घेऊन निघतात. आपापल्या माणसाची कबर पुसतात, फुलं वाहतात, मग सगळे मिळून गीत म्हणतात आणि गात असतानाच उजाडतं. प्रभाकरांच्या कबरीवर अजून दगड नव्हता. माती खाली बसलेली नव्हती. शेजारच्या जुन्या संगमरवरी कबरींमध्ये ती नांगरलेल्या वाफ्यासारखी दिसत होती. मी मेणबत्ती लावली. वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली. अमोलनं गीत सुरू केलं. त्याचा आवाज प्रभाकरांपेक्षा चांगला आहे, हे मी तिथं पहिल्यांदा मान्य केलं. मृत्यूचा पराभव झाला, असं सगळे गात होते. माझ्या पुढ्यात ताज्या मातीचा ढीग होता आणि तो अगदी खरा होता. दोन्हींकडं एकदम बघायला मला जमत नव्हतं. मी ढिगाकडं बघत होते आणि तोंडानं गात होते. डोळ्यांना जे पटत नव्हतं ते गळा म्हणत होता. यालाच विश्वास म्हणत असतील तर तो त्या पहाटे माझ्याकडं होता. लहानसा, कच्चा, पण माझा. कुणाच्या चेहऱ्यावरून घेतलेला नव्हता.

ईस्टरनंतर महिना झाला आणि मी मांजरीला आले. लहान टेम्पो पुरला. सोनलनं मला निरोप देताना लिंबाचं लोणचं दिलं. मिठात अजून नीट मुरलेलंही नव्हतं. कबुतरांना घालवायला आठवडा गेला.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. एकटेपण गेलं, असं मी लिहिणार नाही. ते इथं माझ्यासोबत राहतं. लिफ्टमध्ये मुलं कानात बोंडं घालून उभी असतात, मान हलवतात. दारादारांत जेवणाच्या पिशव्या येऊन पडतात. दुपारी तीन वाजता मजल्यावर इतकी सामसूम असते, की फ्रिज चालू झाला तर कोणी आलं असं वाटतं. रविवारी दोन बस बदलून चर्चला जाते. पुलपिटाखाली बसते, दुसऱ्या बाकावर. पहिला सोनलचा. विमलताई महिन्यातून एकदा भाडं न्यायचं निमित्त करून येतात आणि दिवसभर राहतात.

रोहन रविवारी फोन करतो. मागच्या आठवड्यात स्क्रीनमधून माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "आई, खरं सांग. तुला लोनली नाही वाटत?"

"वाटतं की."

"मग ये ना इकडं."

"तिकडंही वाटेल, रे. तुमच्याकडं तर बर्फही आहे."

तो हसला. मग म्हणाला, "बाबांसारखं बोलायला लागलीस."

मी बाबांसारखं बोलत नाही. ते म्हणायचे, तो बघेल, आणि त्यांना ते दिसतही असावं. मला दिसत नाही. उद्या दुखणं आलं तर काय, विमलताईंना फ्लॅट विकावा लागला तर काय, याची उत्तरं माझ्याकडं नाहीत. पूर्वी उत्तर नसलं की मी ते मिळेपर्यंत घरभर फिरायचे. आता प्रश्न देवापुढं मांडते, आणि त्याच्यासमोरच बसून राहते. एवढाच फरक पडलाय, आणि तो पडायला फार वेळ लागला.

आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना प्रभाकर करायचे. लांबलचक. गावातल्या आजाऱ्यांपासून देशाच्या कारभारापर्यंत सगळं त्यात येई आणि आमटी निवून जाई. माझ्याकडं शेवटचं 'आमेन' तेवढं होतं. इथं आल्यावर कितीतरी दिवस मी नुसती ताट वाढून खायला लागे. सुरुवात कशी करायची तेच मला ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळी ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी. गॅलरीचं दार उघडं होतं. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, आज वांगं आहे." मग पुढचं येत गेलं. रोहनची पाठ दुखते ते सांगितलं. पिहूला गोवर आलाय ते सांगितलं. विमलताईंचं नाव घेतलं. त्यांना कळलं तर रागावतील, हेही सांगितलं. मला आज दुपारी फार एकटं वाटलं, आणि तू काय करतोयस ते मला अजून कळलेलं नाही, असंही म्हटलं. मग थांबले. शेजारच्या घरात मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. खोलीत कोणी काही म्हणेना. जरा वेळानं लक्षात आलं की म्हणायला कोणी नाही. तेव्हा आमेनही मीच म्हटलं, आणि जेवायला बसले.